सोळा आवर्तनं, सहा माणसं

रशियन विभागातल्या शौचालयावर पाटी आहे, हे फक्त रशियन अंतराळवीरांसाठी. दुसऱ्या टोकाच्या शौचालयावर तशीच पाटी, हे फक्त अमेरिकन, युरोपीय आणि जपानी मंडळींसाठी. कारणही दिलेलं आहे: राजकीय वाद चालू असल्यामुळे ज्याने त्याने आपापल्या राष्ट्राचं शौचालय वापरावं. यानातले सहाही जण ते वाचून हसतात, राष्ट्रकार्याला निघाल्याच्या थाटात एकमेकांची थट्टा करतात आणि जे मोकळं असेल तिथे जातात. जमिनीपासून 400 किलोमीटर वर, जिथे एकाचं मूत्र शुद्ध होऊन दुसऱ्याच्या कॉफीत उतरतं, तिथे सोवळं पाळणार तरी कोण?

ही जागा आहे सामंथा हार्वी या ब्रिटिश लेखिकेच्या ‘ऑर्बिटल’ या अंतराळ स्थानकावर घडणाऱ्या कादंबरीतली. वाचताना वाटतं, बाईंनी गंमत बरी रचली. पण ती सगळीच रचलेली नाही. 2009 साली गेन्नादी पदाल्का या रशियन अंतराळवीराने तिकडच्या एका वृत्तपत्राला मुलाखत देताना हेच गाऱ्हाणं मांडलं होतं: खाली पैशांच्या हिशेबावरून दोन देशांचं वाजलं आणि वर आम्हाला अमेरिकनांचं शौचालय आणि व्यायामाची यंत्रं बंद झाली. पदाल्कांच्या बोलण्यात चीड होती. कादंबरीत येईपर्यंत ती निवळून गेली आहे. वास्तवातला खडा उचलायचा, त्याची धार घासून काढायची आणि तो तळहातावर ठेवून उजेडात फिरवून पाहायचा, ही हार्वींची रीत आहे. या रीतीमुळेच पुस्तक मोठं झालं आणि काही ठिकाणी तिनेच ते अडवलं, असं माझं मत आहे.

‘ऑर्बिटल’ 2023च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाली आणि 2024चं बुकर पारितोषिक तिला मिळालं. पानं 136. बुकर मिळालेल्यांत याहून बारीक पुस्तक एकच आहे, पेनेलपी फिट्झजेराल्ड यांची 1979ची ‘ऑफशोअर’. योगायोग पाहा, तीही थेम्स नदीत बांधून ठेवलेल्या होड्यांवर राहणाऱ्यांची, धड जमिनीवर नाही नि धड प्रवाहात नाही अशा माणसांची गोष्ट. हार्वी कधी अवकाशात गेलेल्या नाहीत. काही हजार शब्द लिहून झाल्यावर, आपल्याला हे लिहिण्याचा अधिकार काय, या शंकेने त्यांनी लेखन सोडूनही दिलं होतं. पुढे टाळेबंदीच्या काळात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून अखंड येणारं पृथ्वीचं चित्रण त्या तासन्‌तास पाहत राहिल्या आणि सोडलेला धागा पुन्हा हाती आला. त्याआधी, 2020 साली, त्यांचं निद्रानाशावरचं पुस्तक आलं होतं. जिची रात्र मोडली होती तिने चोवीस तासांत सोळा रात्री होणाऱ्या जागेवर कादंबरी लिहावी, हे मला फार नैसर्गिक वाटतं.

गोष्ट म्हणाल तर ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारची. सहा जण: अंतोन आणि रोमान हे रशियन, नेल ब्रिटिश, शॉन अमेरिकन, पिएत्रो इटालियन आणि चिए जपानी. ते उठतात, व्यायाम करतात, उंदरांचं आणि रोपांचं बघतात, रक्ताचे नमुने काढतात, गाळण्या साफ करतात, खिडकीशी जातात, जेवतात, सिनेमा लावतात, झोपतात. त्याच दिवशी चार जणांना घेऊन दुसरं एक यान चंद्राकडे निघालं आहे आणि ते यांच्या पलीकडून पुढे जातं. खाली पॅसिफिकमध्ये एक टायफून फुगत चालला आहे. चिएची आई तिकडे जपानमध्ये वारली आहे. संपलं. कुणी स्थानकावर हल्ला करत नाही, ऑक्सिजन संपत नाही, कुणाला वेड लागत नाही. अवकाशकथा म्हटल्यावर आपल्याला सवय असते ती ‘2001: अ स्पेस ओडिसी’तल्या बंडखोर संगणकाची, नाहीतर स्तानिस्लाव लेम यांच्या ‘सोलारिस’मधल्या पछाडलेल्या तळाची. त्या अपेक्षेने गेलेला वाचक चाळिसाव्या पानावर घड्याळ बघू लागतो. माझ्या ओळखीतल्या एका चांगल्या वाचकाने पुस्तक परत देताना एवढंच विचारलं होतं, ‘‘पुढे काय झालं?’’ त्याचा प्रश्न रास्त होता. फक्त तो या पुस्तकाला विचारायचा नव्हता.

कारण इथे बांधणी पुढे जाण्याची नाही, फिरण्याची आहे. स्थानक दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालतं, दिवसाला सोळा. प्रकरणं या फेऱ्यांनुसार पाडलेली आहेत आणि त्यांच्या मथळ्यांत कुठे चढती, कुठे उतरती असा उल्लेख आहे. दक्षिणेकडून उत्तरेला निघालं की चढती, उत्तरेकडून दक्षिणेला आलं की उतरती. पण खाली पृथ्वीही स्वतःभोवती फिरत असते. त्यामुळे पुढच्या फेरीला स्थानक विषुववृत्त ओलांडतं ते आधीच्या जागेपासून सुमारे 23 अंश, म्हणजे अडीच हजार किलोमीटर पश्चिमेला. मार्ग तोच, देश वेगळे. सोळा म्हटल्यावर आपल्या कानाला तीनताल आठवल्याशिवाय राहत नाही. मोजणीचा हा योगायोग सोडून दिला तरी चाल ख्यालाचीच आहे: मुखडा ठरलेला, सम ठरलेली आणि दर आवर्तनाला समेवर यायची वाट निराळी. इथली सम म्हणजे अंधाराच्या कडेला उजेडाची जी रेघ उमटते ती. सूर्योदय पुन्हा येणार हे आपल्याला ठाऊक असतं. या खेपेला तो कुठल्या समुद्रावर येतो आणि त्याआधी कुणाच्या मनातून वाट काढत येतो, एवढंच ऐकायचं उरतं. ज्याने कधी विलंबित लयीतलं गाणं कंटाळा न करता ऐकलं आहे त्याला ‘पुढे काय झालं’ ही हुरहूर इथे लागणार नाही.

या फेऱ्यांमागे जे राजकारण आहे ते कादंबरी बोलून दाखवत नाही, म्हणून इथे नोंदवतो. अमेरिकेने आखलेल्या मूळ स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी 28.5 अंशांचा कोन करणारी होती, कारण फ्लोरिडातून उड्डाणाला तीच सोयीची. 1993 साली रशिया भागीदार झाला. बैकोनूरहून निघणाऱ्या रशियन यानांना तिथे पोहोचता यावं म्हणून कोन 51.6 अंशांवर नेण्यात आला. पुस्तकात लंडन, मध्य युरोप, मंगोलियाचं पठार, कॅनडाची सरोवरं पायाखालून जातात ती या तडजोडीमुळे. एकट्या अमेरिकेचं स्थानक असतं तर नेलच्या पायाखालून तिचा स्वतःचा देश कधीच गेला नसता. म्हणजे स्थानक अनेक राष्ट्रांचं असणं हे या कादंबरीत पात्रांच्या पासपोर्टपुरतं नाही, खिडकीतलं दृश्यच त्यातून आलेलं आहे.

आता ती सहा माणसं. बऱ्याच समीक्षकांचा आक्षेप आहे की ती एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. खरं आहे, पहिली तीसेक पानं मीही कोण कुणाचा नवरा आणि कुणाचं गाव कुठलं हे मागे जाऊन पाहत होतो. पण लेखिकेने आपला बेत सुरुवातीलाच सांगून ठेवला आहे. तिने या सहांना एका देहाचे भाग करून टाकलं आहे: अंतोन हृदय, रोमान हात, पिएत्रो बुद्धी, शॉन आत्मा, चिए सदसद्विवेक, आणि पाणबुड्याची दणकट फुप्फुसं असलेली नेल म्हणजे श्वास. हे जरा नीटनेटकं झालं, मान्य. तरी पुढे त्याचा उपयोग मोठा होतो. बहुतेक वाक्यांचा कर्ता ‘ते’ आहे. ते पाहतात, त्यांना वाटतं, त्यांना स्वप्न पडतं. स्वप्नंसुद्धा एकाची दुसऱ्यात मिसळल्यासारखी. आणि अशा सामाईक वाक्याच्या पोटातून अचानक एक नाव सुटं होतं, चारपाच ओळी एकट्याने चालतं, आणि पुन्हा ‘ते’मध्ये विरून जातं. नेलला लहानपणी टीव्हीवर पाहिलेला 1986चा चॅलेंजरचा स्फोट आठवतो. अंतोनच्या मानेला एक गाठ आली आहे आणि ती त्याने कुणालाच दाखवलेली नाही, कारण दाखवली तर त्याच्यासकट दोघातिघांना मुदतीआधी खाली जावं लागेल. एकाचं दुखणं सहांचं होणार, म्हणून तो गप्प. व्यक्तिचित्रण थोडक्यात करायचं तर ते असं करावं.

करुणरसाची मुख्य जागा चिएची. आई गेल्याची बातमी ती जेवणाच्या वेळी सांगते. शॉन हातातलं नूडल्सचं पाकीट हवेत तसंच सोडून देतो. पिएत्रो टेबलावरून तरंगत तिच्यापाशी जातो आणि तिचे दोन्ही हात हातात घेतो. हा प्रसंग जेमतेम काही ओळींचा आहे. मी तो अनेकदा वाचला तो त्या पाकिटासाठी. जमिनीवर वाईट बातमी ऐकून माणसाच्या हातातली वस्तू पडते. नाटकात, सिनेमात, आपल्या जुन्या कादंबऱ्यांत पडलेल्या पेल्यांची गणती नाही. इथे पडायला खालची बाजूच नाही. पाकीट आहे तिथेच राहतं. धक्का बसला आहे आणि त्याचा आवाज होत नाही. एका ठिकाणी डोळ्यांतून सुटलेले थेंब गोल होऊन तरंगतात आणि ते तळहातावर झेलून घेतले जातात, कारण यानात कुठलाही द्रव मोकळा सोडणं धोक्याचं. शोकालाही तिथे यंत्राचे नियम आहेत, आणि ते पाळण्यात काही अमानुष आहे असं पुस्तकाला वाटत नाही. उलट दुसऱ्याचे अश्रू आपल्या हातावर टिपून घेण्याइतकी जवळीक जमिनीवर कुणाच्या वाट्याला येते?

चिए पुढे रडगाणं लावत नाही. ती याद्या करते, ती तिची सवय. उंदरांकडे जाते. हे उंदीर आल्या आल्या पिंजऱ्याच्या गजांना घट्ट धरून बसले होते, त्यांना तरंगणं उमगत नव्हतं. आणि मग एके दिवशी ते गज सोडून गरगर उडायला लागतात. लेखिका आईच्या मृत्यूशी त्याचा सांधा जोडून दाखवत नाही. तिने जोडला असता तर मी पुस्तक तिथेच मिटलं असतं. चिएच्या मनात मात्र एक हट्ट घर करतो. आपण खाली जात नाही तोवर आई गेली हे पुरतं खरं नाही. अंत्यविधी होऊन जाईल, ती वरून त्या बेटांवरून जात राहील. शेवटचं तोंड पाहायला मिळालं नाही, हे दुःख मराठी घरांना काही नवं नाही. 2020-21मध्ये अमेरिकेतल्या, आखातातल्या कितीतरी मुलांनी आईबापांचं शेवटचं दर्शन मोबाइलच्या पडद्यावर घेतलं. चिएचा भाग वाचताना ते सगळं आठवतं, आणि पुस्तक टाळेबंदीत वाढलेलं आहे हे लक्षात येतं.

अद्भुताचा स्थायीभाव विस्मय, असं भरतमुनी सांगतो. पण विस्मय फार वेळ टिकत नाही, ही त्याची अडचण. दुसऱ्यांदा पाहिलेल्या चमत्काराला माणूस मान डोलावतो, तिसऱ्यांदा घड्याळ बघतो. मग 136 पानं विस्मयावर उभी कशी ठेवायची? हार्वींनी त्याला दोन आधार दिले. एक हा करुणाचा. दुसरा कामाचा: रोजचा दोन तासांचा व्यायाम, नाहीतर हाडं झिजतात, अडकलेल्या गाळण्या, चिकटपट्ट्या, वेळापत्रक. खाली अरोरा, म्हणजे ध्रुवप्रकाश, दिसला म्हणून गाळणी साफ करायची राहत नाही. या ये-जामुळेच अरोरा पुन्हा नवा होतो.

पुस्तकातली सगळ्यांत चतुर जागा म्हणजे शॉनचं पोस्टकार्ड. त्याच्या बायकोने दिलेलं, वेलास्केसच्या ‘लास मेनिनास’चं. 1656चं हे चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे: मध्ये छोटी राजकन्या, भोवती दासी, डावीकडे कॅनव्हासपाशी खुद्द चित्रकार, मागच्या आरशात राजा आणि राणी, आणि पुढ्यात जमिनीवर एक मोठा कुत्रा. चित्र नक्की कुणाचं, कोण कुणाकडे बघतंय, हा प्रश्न शॉनला शाळेत असताना विचारला गेला होता आणि त्याची बायको तेव्हापासून त्यावर विचार करत आली आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ फुको यांनी आपल्या एका मोठ्या ग्रंथाचा आरंभच या चित्राने केला, इतका तो प्रश्न जुना आणि भारदस्त. स्थानकावर पिएत्रो ते कार्ड हातात घेतो, बघतो, आणि म्हणतो की चित्र कुत्र्याचं आहे.

शॉन चमकतो, आपणही चमकतो. चित्र आठवून पाहा. सगळे कुणाकडे तरी बघताहेत किंवा कुणी आपल्याकडे बघावं म्हणून उभे आहेत. राजेपण, दासीपण, चित्रकारपण, प्रत्येकाने आपापला अंगरखा चढवला आहे. डोळे मिटून, कुणाची पत्रास न बाळगता बसला आहे तो कुत्रा. एक खुजा सेवक त्याला पायाने डिवचतोय, त्याचीही त्याला फिकीर नाही. हार्वींनी ही चर्चा पुस्तकाच्या ऐन मध्यात का ठेवली असेल? स्थानकावर सतत बघणंच चालू असतं: सहा जण पृथ्वीकडे बघतात, खालचा नियंत्रण कक्ष या सहांकडे, कॅमेरे सगळ्यांकडे, आणि आपण पुस्तकातून त्यांच्याकडे. या गर्दीत जिला बघितलं जाण्याशी काही देणंघेणं नाही ती खाली फिरणारी पृथ्वीच. तिचं नाव न घेता उत्तर एका इटालियनाच्या तोंडी थट्टेसारखं येतं. बघणारा आणि बघितलं जाणारं ही जोडी पुढे अंतराळवीर मायकेल कॉलिन्सच्या प्रसिद्ध छायाचित्राच्या चर्चेत पुन्हा जुळते. 1969 साली त्याने चंद्रावरून परतणारं यान आणि मागे पृथ्वी असं छायाचित्र घेतलं. लोक म्हणतात, त्यात अख्खी मानवजात आहे, फक्त तो स्वतः नाही. कादंबरी हे विधान हाती घेते आणि हळूच उलटं करून ठेवते. छायाचित्रात जिवंत असण्याचा धडधडीत पुरावा असेल तर तो ते घेणाऱ्याचाच, बाकी कुणी त्यात दिसतंय कुठे?

आता जिथे माझं आणि या पुस्तकाचं पटलं नाही ते सांगायला हवं. पिएत्रो हनीमूनला फिलिपिन्समध्ये गेला असताना एका कोळी कुटुंबाशी त्याचा स्नेह जडला होता. टायफून त्यांच्याच दिशेने चालला आहे. सहाही जण त्याची छायाचित्रं खाली पाठवतात, त्यापलीकडे त्यांच्या हातात काही नाही. वरून ते वादळ देखणं दिसतं: पांढरं, घट्ट वळलेलं, मध्ये काळा डोळा. हा विरोध लेखिकेला कळतो, ती लपवतही नाही. पण कोळ्याचं घर कादंबरीत येतं ते फार थोडं, आणि येतं तेव्हा चांगुलपणाच्या फ्रेममध्ये बसूनच. सहा अंतराळवीर श्रीमंत आणि तंत्रसज्ज देशांचे. वादळ ज्याच्या छपरावर कोसळतं तो गरीब देशातला, आणि त्याला आठवणारं कुणी वर आहे म्हणून तो पुस्तकात. जून 2020मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा उपग्रहाचं तेच पांढरं चक्र आपण दिवसभर टीव्हीवर पाहिलं होतं. त्या चक्राच्या खाली आडव्या झालेल्या नारळी-सुपारीच्या बागा मात्र छायाचित्रात मावल्या नाहीत. कोकणातल्या वाचकाला या कादंबरीतल्या वादळाचं सौंदर्य थोडं महाग वाटेल, आणि त्यात त्याची चूक नाही.

सीमारेषांचंही असंच. अवकाशातून सीमा दिसत नाहीत, हे वाक्य एव्हाना गुळगुळीत झालं आहे. हार्वी ते टाळत नाहीत, पण त्याला एक अपवाद जोडतात आणि तो अपवाद आपला निघतो. रात्रीच्या वेळी माणसाने आखलेली एकच सीमा वरून ओळखू येते, दिव्यांची लांबलचक माळ, भारत आणि पाकिस्तान यांच्यामधली. ‘एकच’ हा शब्द सोडला तर हे खरं आहे. कुंपणावरच्या प्रकाशझोतांची ही नारिंगी रेघ स्थानकावरून घेतलेल्या छायाचित्रांत स्पष्ट दिसते. लेखिका एका वाक्यात ती ओलांडून पुढे जाते. तिच्या दृष्टीने तो जगाच्या दुभंगाचा एक नमुना. भारतीय वाचक मात्र त्या वाक्यावर थबकतो. वाघा सीमानाक्याच्या पुढचा तो भाग, तिथली गस्त, तिथले वीजखांब हे सगळं त्या रेघेत आहे, आणि कादंबरी पुन्हा तिकडे फिरकत नाही.

‘अनेक राष्ट्रांचं’ म्हणताना कोणती राष्ट्रं, हा प्रश्नही पुस्तक विचारत नाही. खऱ्या स्थानकाच्या पाच भागीदार संस्थांत अमेरिका, रशिया, युरोप, जपान आणि कॅनडा आहेत. अमेरिकी संसदेने 2011 साली नासाच्या चीनबरोबरच्या सहकार्यावर निर्बंध घातले, आणि चीनने आपलं स्वतंत्र स्थानक उभारलं. भारताचे शुभांशू शुक्ला तिथे पोहोचले ते 2025च्या जूनमध्ये, स्थानकावर माणसांची वस्ती सुरू झाल्याला चोवीस वर्षं होऊन गेल्यावर. सगळ्या मानवजातीचं घर असा सूर पुस्तकात जागोजागी लागतो, तेव्हा दारावरची ही यादी डोळ्यांसमोर येते.

आणि युद्ध. 2022च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पुढच्याच महिन्यात, 30 मार्चला, मार्क वँडे हाय हा अमेरिकन अंतराळवीर सलग 355 दिवस राहून दोन रशियन सोबत्यांबरोबर सोयूझ यानातून कझाकस्तानात उतरला. खाली दोन्ही सरकारं एकमेकांची तोंडं बघायला तयार नव्हती, आणि वर ही माणसं एका कुपीत गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. एवढं मोठं नाट्य आयतं समोर असताना हार्वींनी ते बाजूला सारलं. त्यांना राजकारणाची कादंबरी लिहायची नव्हती, हे मला समजतं. त्यांनी तिला अवकाशातलं निसर्गकाव्य म्हटलं आहे, आणि निसर्गकाव्यात मेंढपाळ लगानाबद्दल बोलत नाही. तरी रोमानच्या बाबतीत ही माघार खटकते. रशियन विभागात सर्गेई क्रिकल्योव्हचं छायाचित्र लावलेलं आहे आणि रोमानची त्याच्यावर भक्ती आहे. क्रिकल्योव्ह 1991च्या मे महिन्यात सोव्हिएत नागरिक म्हणून ‘मीर’ स्थानकावर गेला आणि 1992च्या मार्चमध्ये उतरला तेव्हा तो देशच उरला नव्हता. पुढे आंतरराष्ट्रीय स्थानकावर राहायला गेलेल्या पहिल्या तुकडीतही तोच. अशा माणसाचं चित्र भिंतीवर टांगल्यावर त्याच्या खाली झोपणाऱ्याच्या मनात काय चालतं, हे मला अजून ऐकायचं होतं. रोमान हौशी रेडिओवर खालच्या अनोळखी माणसांशी बोलतो, तो प्रसंग मात्र अप्रतिम. स्थानक क्षितिजावर आल्यापासून मावळेपर्यंत जेमतेम दहा मिनिटं मिळतात. एक बाई त्याला विचारते, तिथे कधी हिरमुसायला होतं का? तो योग्य शब्द शोधत असतानाच आवाज तुटतो. राष्ट्र, इतिहास, भाषा या सगळ्यांची जी अडचण कादंबरी इतरत्र टाळते ती इथे त्या खरखरीत सापडते.

गद्याबद्दल एक तक्रार आणि विषय संपवतो. हार्वींचं वाक्य लांब आहे, स्वल्पविरामांवर तरंगत एखादा खंड ओलांडूनच थांबणारं. ते बहुतेक वेळा साधतं. पण बाराव्या-तेराव्या फेरीच्या आसपास विशेषणांची दाटी होते, पृथ्वी पुन्हा निळी, पुन्हा नाजूक, पुन्हा एकटी होते, आणि गायकाचा आवाज तयारीचा असूनही तान लांबल्याची भावना येते. विश्वाचा सगळा इतिहास एका वर्षाच्या दिनदर्शिकेत बसवण्याचा कार्ल सेगन यांनी लोकप्रिय केलेला प्रकारही त्यांनी पुन्हा केला आहे. चांगला केलाय, तरी तो वगळला असता तर काही बिघडलं नसतं.

हे सगळं धरूनही माझा कौल पुस्तकाच्या बाजूने आहे. अनेक देशांची माणसं एका डब्यात कोंडली की साहित्यिकाला भांडण सुचतं. भांडण न लावता वाचकाला शेवटच्या पानापर्यंत नेणं फार अवघड, आणि हार्वींनी ते केलं आहे. हवेत तसंच राहिलेलं नूडल्सचं पाकीट आणि डोळे मिटलेला तो कुत्रा, या दोन जागांसाठी मी उरलेल्या विशेषणांना माफ करायला तयार आहे.

वाचायचं असेल तर एका बैठकीत संपवू नका, पानं कमी आहेत म्हणून मोह होईल. दिवसाला दोन-तीन फेऱ्या पुरे. आणि खरं स्थानकही पाहून घ्या. ते आपल्यावरूनही जातं, सूर्यास्तानंतर किंवा पहाटे नुसत्या डोळ्यांनी दिसतं, वेळा नासा जाहीर करते. कादंबरीतल्या स्थानकाप्रमाणे खऱ्यातही रशियन भागाला बारीक तडे गेले आहेत, आणि 2030 नंतर ते स्थानक दक्षिण पॅसिफिकच्या निर्मनुष्य भागात पाडायचं ठरलं आहे.